मिसेंगाची जबानी

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, प्रिटोरियातल्या आश्रय-अर्जांच्या कचेरीत, सहा नंबरच्या खोलीत, दुभाषा मुलुंबा याने एका वाक्याचं भाषांतर केलं नाही. वाक्य नऊ वर्षांच्या मुलीचं होतं आणि ते त्यालाच उद्देशून होतं. ‘‘तुझ्या बहिणीचा पाय बरा झाला का रे पोरा?’’ एवढं विचारून मुलीने पुन्हा मान खाली घातली आणि कागदावर हिरव्या पेन्सिलीने काढलेल्या छपराला आणखी एक रेघ जोडली. टेबलापलीकडून अधिकारी मोगाले बाईंनी विचारलं, ‘‘काय म्हणाली?’’ आणि मुलुंबा म्हणाला, ‘‘काही नाही मॅडम, चित्राबद्दल.’’ हे तो बोलला की नुसतंच त्याच्या तोंडातून गेलं, ते त्याचं त्यालाच नीट कळलं नाही.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ह्या खोल्यांमध्ये त्याने माणसांच्या शिव्या इंग्रजीत नेल्या होत्या, हुंदके नेले होते, ‘हा दुभाषा चोर आहे’ हे वाक्यसुद्धा स्वतःच्या आवाजात, काही न वगळता, पुढे दिलं होतं. कामाचा नियम साधा होता. खोलीत बोललेला प्रत्येक शब्द खोलीचा. दुभाष्याने त्यात घालायचं नाही, काढायचं नाही, समजावून सांगायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. संध्याकाळी घरी जाताना टॅक्सीच्या मागच्या बाकावर त्याला कधीकधी आपण रिकाम्या नळासारखे आहोत असं वाटायचं, आणि ते त्याला आवडायचं. नळाला पाण्याची चव नसते. आज मात्र एक घोट आतच अडकला होता. खोलीत वीज नव्हती, सकाळपासून गेलेली होती, आणि मागच्या अंगणातल्या जनरेटरची घरघर भिंतीतून येऊन त्याच्या दातांत बसली होती. छतावरची ट्यूबलाइट मधूनच मंद व्हायची. ती मंद झाली की मुलीचा चेहरा म्हातारा दिसतो, असं त्याला वाटलं. मग, प्रकाश कमी झाला की कुणाचाही दिसतो, असं त्याने स्वतःला सांगितलं.

त्याला बहीण होती. बिलोंडा. चिकापा शहराच्या नदीकडच्या वस्तीत, ती पाच वर्षांची आणि तो आठ वर्षांचा असताना, तिचा पाय चुलीत गेला होता. आई बाजारात. तो बहिणीला पाठुंगळी घेऊन धावत एका बाईकडे गेला होता, आठ वर्षांच्या डोळ्यांना तेव्हाच म्हातारी वाटणाऱ्या. म्हातारीने आधी त्याला हुंदका आवरायला लावलं, मग अंडं फोडून पाय माखला आणि केळीच्या पानात गुंडाळला. तो पाय आयुष्यभर पुरता बरा झाला नाही. दर कोरड्या ऋतूत जखम उघडायची आणि दरवर्षी ती म्हातारी तो पुन्हा गुंडाळायची. म्हातारीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. वस्तीतली सगळी पोरं तिला आजी म्हणायची, आणि ती सगळ्यांना पोरा म्हणायची. बिलोंडा सहा वर्षांपूर्वी वारली. फोनवर कळलं तेव्हा तो ह्याच कचेरीच्या बाहेर उभा होता. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. बायको त्याच्या आयुष्यात नंतर आली, तिला बहिणीचं नावही माहीत नव्हतं. मुलीचं वाक्य तो मनात पुन्हा पुन्हा तपासत होता, जसा एखादा कागद उजेडासमोर धरावा, आणि त्यात चूक सापडत नव्हती. ते वाक्य फक्त जुनं होतं. बिलोंडा गेल्याची बातमी पोचायच्या आधीच जो गेला, त्यानेच विचारावं असं.

सकाळी सुरुवात तर चांगली झाली होती. मोगाले बाई ह्या कचेरीतल्या बऱ्या अधिकाऱ्यांपैकी. त्यांनी घरून रंगीत पेन्सिली आणल्या होत्या आणि मुलीची खुर्ची टेबलाच्या बाजूला, स्वतःच्या शेजारी ओढून घेतली होती. अर्ज आईचा होता. कापिंगा नाव. मुलुंबाच्याच मुलखातून, कासाई प्रांतातून पळून आलेली, तेव्हा गरोदर. तिचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता, कारण तिच्या आईला मारून टाकणारी माणसं कोण, हे तिला सांगता आलं नव्हतं आणि तिची हकीगत अधिकाऱ्याला गुळमुळीत वाटली होती. वरच्या मंडळाने फाइल परत पाठवली, ती एका मुद्द्यावर. ह्या घरात एक मूल आहे आणि निकाल त्या मुलालाही लागू होणार आहे, पण त्याला कुणी काही विचारलेलंच नाही. मुलाला एकटं बसवून त्याचं म्हणणं ऐका, मग निकाल द्या. म्हणजे आता सगळं ह्या एका सकाळवर होतं. मुलीचं बोलणं खरं वाटलं तर दोघी राहतील. पढवलेलं वाटलं तर पहिला नकार कायम, आणि दोघींनी देश सोडायचा. कापिंगा बाहेरच्या बाकावर बसली होती. आत येताना मुलीने तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं, आणि तिनेही मुलीला काही बजावलं नव्हतं. फक्त, ‘‘जा, आई,’’ म्हणाली होती.

‘‘मिसेंगा,’’ मोगाले बाई म्हणाल्या होत्या, ‘‘तुला जे सांगायचंय ते सांग. नको वाटेल ते नको सांगूस. तू लहान आहेस म्हणून इथे तुझं कमी ऐकलं जाणार नाही. कळलं?’’

‘‘कळलं,’’ मिसेंगा इंग्रजीत म्हणाली. मग शाळेचं झालं. नेटबॉलमध्ये ती मागे उभी राहते, कारण पुढे उभ्या राहणाऱ्या मुली नखं मारतात. वर्गशिक्षिका तिचं नाव नीट घेत नाहीत. तिला विजांची भीती वाटत नाही, कुत्र्यांची वाटते.

‘‘अगं, तू तर माझ्यापेक्षा छान इंग्रजी बोलतेस,’’ मोगाले बाई हसून म्हणाल्या. ‘‘मग मिस्टर मुलुंबांना इथे कशाला बसवून ठेवलंय? त्यांना घरी पाठवू का?’’

मिसेंगाने त्याच्याकडे पाहिलं. शर्टाच्या कॉलरपासून बुटांपर्यंत, बाजारात कोंबडी पाहतात तसं. ‘‘असू दे त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘शाळेचं इंग्रजीत सांगते. त्या घराचं इंग्रजीत नाही येत.’’

‘‘बरं. मग मला सांग, तिकडे परत जायची तुला भीती वाटते का? कशाची?’’

आणि मुलीने भाषा बदलली. प्रिटोरियात वाढलेल्या पोरांची चिलुबा, त्यांच्या मुलखाची बोली, मुलुंबाला ठाऊक होती. तुटकी, मध्ये मध्ये इंग्रजी पेरलेली, आईबापांची चेष्टा करायला वापरायची भाषा. ही ती नव्हती. ही नदीकडच्या वस्तीतली, सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर ओठ मिटणारी भाषा होती. त्याने ती जन्मभरात फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी ऐकली होती आणि ती म्हातारी माणसं आता नव्हती. भाषा बदलताच तिने पहिल्यांदा विचारलं ते बहिणीच्या पायाचं. जसं कुणी गोष्ट सुरू करण्याआधी समोरच्याची विचारपूस करतं.

मुलगी बोलू लागली आणि त्याच्या आवाजातून ते इंग्रजीत जाऊ लागलं. ‘मी चुलीपाशी बसले होते. कसाव्याचा पाला शिजत होता. दिवस मावळायचा होता. माझी मुलगी आत निजली होती, तिला सातवा महिना होता. कुत्रं भुंकायचं थांबलं, म्हणून मला कळलं. मी तिला म्हटलं, ऊठ, मागच्या दाराने नदीकडे जा, पाण्यात गुडघाभर उभी राहा, मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस. ती म्हणाली, तू चल. मी म्हटलं, चूल पेटलेली टाकून कुणी जातं का?’

मोगाले बाईंनी पेन थांबवला. ‘‘मिस्टर मुलुंबा, ‘माझी मुलगी’ हे ती कुणाला म्हणतेय?’’

त्याने प्रश्न मुलीला दिला. मुलीला तो खुळा वाटला असावा. ‘‘कापिंगाला. बाहेर बसलीय की ती.’’

‘‘आणि तिच्या पोटात कोण होतं?’’

‘‘मी,’’ मिसेंगा म्हणाली.

मुलुंबाला ह्यातलं काहीही नवं नव्हतं, आणि हेच त्याला आता असह्य होत होतं. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाचं नाव मुलाला ठेवतात, तेव्हा नुसतं नाव ठेवत नाहीत. ते माणूस घरात परत घेतात. कापिंगाने मुलीला आपल्या आईचं नाव दिलं, म्हणून ती मुलीला आई म्हणते. घास आधी तिला वाढते, मोठ्या गोष्टीत तिचा होकार घेते. त्याच्या स्वतःच्या घरात त्याच्या वडिलांच्या नावाचा मुलगा होता. तो चार वर्षांचा असताना एका संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला होता, ‘बाटली ठेव खाली. लाज वाटत नाही?’ आणि मुलुंबाने बाटली खाली ठेवली होती. बायको हसून हसून लोळली होती. तोही नंतर हसला होता, पण आठवडाभर प्यायला नव्हता. ही गोष्ट मोगाले बाईंना सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण ती सांगणारा दुभाषा राहत नाही, साक्षीदार होतो. शिवाय काय सांगणार? की मुलगी आजीचं बोलतेय, कारण घरात रोज तिला आजी म्हणतात? हे खरं होतं. मग बिलोंडाच्या पायाचं काय? घरातली माणसं मुलीला नाव देऊ शकतात, चूल देऊ शकतात, नदी देऊ शकतात. जे त्या घरातल्या कुणालाच ठाऊक नाही, ते कोण देतं?

‘चौघे होते,’ तो इंग्रजीत म्हणत होता. ‘कपाळाला तांबडी फडकी. त्यांनी विचारलं, घरात कोण. मी म्हटलं, मी आणि चूल. ते बसले. भुकेले होते, पोरंच होती. मी वाढलं. एकाने म्हटलं, आजी, मीठ बेताचं घातलंयस. मी म्हटलं, महाग झालंय. दुसरं कुणी बोललं नाही. ते जेवले. हात धुवायला मी पाणी घातलं. मग एकाने म्हटलं, चल.’ त्याचा आवाज कोरडा होता, तसाच ठेवायची त्याला सवय होती. पन्नाशीतला एक माणूस, घासून दाढी केलेला, ‘मी वाढलं’ म्हणत होता. म्हातारीचा ‘मी’ मुलीच्या तोंडी आला होता आणि मुलीचा त्याच्या. त्याला वाटलं, ह्या खोलीत तिघांचं एकच तोंड आहे, आणि ज्या मुलीला ऐकायला सगळे जमलेत ती मात्र कुठेच दिसत नाही. हिरवी पेन्सिल धरलेला हात तेवढा तिचा होता. नखांत खडूची पूड होती.

‘‘हे तुला कुणी शिकवलं, मिसेंगा?’’ मोगाले बाईंचा स्वर मऊच होता. पण मुलुंबा तो मऊपणा ओळखत होता.

‘‘ह्यात शिकवायचं काय?’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी होते ना तिथे.’’

त्याने ते जसंच्या तसं दिलं. बाईंनी काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ ओढली. जनरेटर मध्येच खोकला आणि दिवा पुरता गेला. दाराच्या फटीतून आलेल्या उजेडात मुलगी म्हणाली, ‘‘घाबरू नकोस.’’ हे कुणाला, ते कळायला मार्ग नव्हता, आणि त्याने हे वाक्य इंग्रजीत दिलं तेव्हा मोगाले बाई म्हणाल्या, ‘‘नाही हं, मी नाही घाबरत.’’ दिवा आला तेव्हा मुलीने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली होती. हकीगतीला शेवट असा नव्हताच. म्हातारी दाराबाहेर पडते, एवढंच. मिसेंगाने समोरची प्लास्टिकची बाटली उघडली, एक घोट पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि दोन्ही तळवे मांडीवर ठेवून ती गप्प बसली.

ती शांतता मुलुंबाला सहन झाली नाही. त्याला वाटलं, संपलं. आता बाई शेवटचा प्रश्न विचारतील, दुभाष्याने सर्व काही खरं आणि पूर्ण सांगितलं का, आणि आपल्याला सही करावी लागेल. गाळलेलं वाक्य अजून आतच होतं. ते गिळून सही केली, आणि उद्या कुणी ध्वनिमुद्रण दुसऱ्या दुभाष्याकडून ऐकवलं, तर मुलीचं सगळंच बोलणं बाद होईल. असा त्याने विचार केला, आणि विचार चोख होता. त्यामागे दुसरंही काही होतं. ते वाक्य कुणालातरी ऐकवून आपल्या अंगावरून उतरवायचं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘मी एक वाक्य दिलेलं नाही.’’ आणि त्याने ते दिलं.

मोगाले बाईंनी चष्मा काढला. ‘‘तुम्ही ह्यांना ओळखता? सकाळी नाही म्हणालात.’’

‘‘ओळखत नाही.’’

‘‘आणि ही तुम्हाला ओळखते?’’

त्याने कागदावरच्या हिरव्या छपराकडे पाहिलं.

‘‘तुम्हाला बहीण आहे?’’

‘‘होती. पायाचं खरं आहे.’’

‘‘हे आधी सांगायचं, मिस्टर मुलुंबा. किंवा मग...’’ बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. ध्वनिमुद्रणाचं यंत्र बंद केलं, तारीख आणि वेळ मोठ्याने वाचली, दुभाष्याचा अर्जदाराशी संबंध असल्याची शक्यता म्हणून जबानी रद्द, नवी तारीख, नवा दुभाषा. त्या रागावल्या नव्हत्या. पेन्सिली गोळा करताना त्यांनी हिरवी मुलीलाच राहू दिली. मुलीने एकदा तोंड उघडलं, मोठी माणसं उभी राहिलेली पाहिली आणि मिटलं.

बाहेर बाकावर कापिंगा उठून उभी राहिली. ‘‘झालं? इतक्यात? दादा, तोंड का असं उतरलंय तुमचं, तुमचाच अर्ज फेटाळल्यासारखं?’’

त्याने सांगितलं.

‘‘तुम्ही हिला माझ्या बहिणीबद्दल काही बोलला होता का?’’ त्याने विचारलं.

‘‘तुम्हाला बहीण आहे? मला तर तुमचं नाव आत्ता कळतंय, तेही त्या दारावरच्या पोलिसाकडून.’’ मग पिशवी सावरत, ‘‘आई माझी बऱ्याच पोरांचे पाय बांधायची. मी कुठे लक्षात ठेवू?’’

मिसेंगाने आईच्या पिशवीचा बंद ओढला. आता ती इंग्रजीत बोलत होती, शाळेतल्या आवाजात, जरा रडवेली. ‘‘आजीचं झालं ना? मग माझं कधी?’’

‘‘तुझं काय?’’ मुलुंबाने विचारलं.

‘‘माझं! त्या बाईंनी विचारलं ना मला, भीती कशाची वाटते? मी थांबले होते. पाणी पण प्यायले.’’

कापिंगा त्याच्याकडे वळली. ‘‘दादा, तुम्ही आमच्याकडचेच ना? मोठ्याने आधी बोलायचं, मग घोटभर पाणी, मग गप्प राहायचं, मग धाकट्याने तोंड उघडायचं. पोरगी तुमच्या नाकासमोर पाणी प्याली, आणि तुम्हाला वाटलं, संपलं?’’ आवाज चढला नव्हता. ‘‘त्या बाईंना नाही कळलं, ते ठीक आहे. त्यांनी कुठून कळून घ्यायचं? तुम्हाला तिथे कशाला बसवलं होतं मग, खुर्ची गरम करायला?’’

तो परत गेला. सहा नंबरचं दार ठोठावलं. मोगाले बाई फाइलला दोरी बांधत होत्या.

‘‘मॅडम, मुलीचं राहिलंय. ती म्हणते, तिचं स्वतःचं सांगायचं राहिलं. ती इंग्रजीत सांगेल. मी लागणार नाही.’’

‘‘मग इतका वेळ कोण बोलत होतं?’’ बाईंनी विचारलं.

उत्तर त्याला येत होतं. चिलुबात ते अगदी छोटं, रोजचं, दोन शब्दांचं उत्तर होतं. इंग्रजीत त्याने ते मनात एकदा मांडून पाहिलं आणि ते ह्या खोलीत ठेवलं तर मुलीचं काय होईल, तेही पाहिलं. डॉक्टर, चौकशी, आईपासून वेगळं ठेवणं. तो म्हणाला, ‘‘ते मोठ्यांचं होतं.’’

‘‘म्हणजे मोठ्यांनी पढवलेलं?’’

‘‘नाही.’’

बाईंनी दोरीची गाठ मारली. ‘‘हे पाहा, बंद केलेली जबानी मी तुमच्या सांगण्यावरून उघडली, तर पुढचा माणूस तेच तिच्याविरुद्ध वापरील. तारीख पडेल. तेव्हा बोलू दे तिला, हवं तितकं.’’ त्या बरोबर बोलत होत्या. त्या सकाळी त्या खोलीत सगळेच बरोबर बोलले होते.

व्हरांड्यात कापिंगा पाणी आणायला गेली होती. मिसेंगा बाकावर एकटी, पाय हलवत बसलेली. तो शेजारून जाऊ लागला तेव्हा ती म्हणाली, ‘‘अंकल, तुम्हाला सांगू?’’

अंकल. पोरा नव्हे. त्याच्या मनात आलं की पोरा म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि जे कुणी होतं ते मघाशी दिवा गेला तेव्हा त्याच्यासमोर बसलं होतं आणि मुलुंबाने त्याच्या प्रश्नाला साधं उत्तरही दिलं नव्हतं. मुलीकडे पाहताना त्याला तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधावंसं वाटलं. तिथे काही नव्हतं. नऊ वर्षांची मुलगी होती, घाबरलेली, तिच्या स्वतःच्या कसल्याशा भीतीने, आणि ती ऐकायला तो एकटाच समोर होता. पण ऐकलं तर तो साक्षीदार होणार. मग ती जे सांगेल ते दुसऱ्यांदा सांगितलेलं ठरणार, आधी एका माणसाबरोबर घोटवलेलं, आणि तो माणूस तोच, ज्याच्यामुळे पहिली जबानी गेली.

‘‘मला नको,’’ तो म्हणाला. ‘‘त्या बाईंनाच सांग.’’

तिने मान हलवली आणि हिरवी पेन्सिल पिशवीत टाकली. तो जिना उतरून खाली आला. बाहेर रांगेत लोक दुपारचं खात होते, कुणी हसत होतं, एक सोमाली माणूस पोलिसाशी हुज्जत घालत होता, आणि मुलुंबाला त्या सगळ्यांच्या बोलण्यामागे जनरेटरची घरघर ऐकू येत राहिली. घरी पोचेपर्यंत, आणि वीज आल्यानंतरही.

ह्याला आता पाच महिने झाले. कापिंगाचा इथे राहण्याचा तात्पुरता परवाना एकदा वाढवून मिळाला आहे. मुलुंबाला त्या फाइलवर काम करायला मनाई आहे, तरी त्याने दोनदा फोन केला. कापिंगा सांगते की मिसेंगा शाळेत जाते, जेवते, नीट झोपते. तिला भीती कशाची वाटते, हे आईने विचारलं तर ती म्हणते, त्या बाईंनाच सांगेन. अजून कुणालाही तिने ते सांगितलेलं नाही. मुलगी इंग्रजीत बोलेल, दुभाषा नको, असं कापिंगाने कचेरीला कळवलं. कचेरीने उत्तर पाठवलं आहे. अर्जदाराची भाषा चिलुबा नोंदलेली असल्यामुळे दुभाष्याशिवाय जबानी घेता येत नाही. योग्य दुभाष्याचा शोध चालू आहे.